काळोखेसाहेब आणि दुधाळ फिल्म

आयुष्यात वेडेपणा मी भरपूर केला, पण पगार घेऊन केलेला सगळ्यात मोठा वेडेपणा एकच. चाकणच्या आमच्या प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनची मुख्य होते, आणि एका साहेबांनी वर्ष-दीड वर्ष खपून तयार केलेला पहिला धड रोल मी लाल लेबल लावून ग्राइंडरमध्ये घातला. चुकून हात लागला आणि पडला, असलं काही नाही. मी तो खालून दिवे लावलेल्या टेबलावर पसरला, चष्मा पुसून नीट बघितला, तोंड वाकडं केलं, लेबलावर ठसठशीत अक्षरात ‘दुधाळ. नापास.’ असं लिहिलं आणि ट्रॉलीवर चढवायला लावला. वर कँटीनमध्ये जाऊन सांगितलं, की आज मी होते म्हणून कंपनीची अब्रू वाचली.

आता माझीही बाजू ऐका. सगळी नोकरी माझी दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, फरसाणाची पाकिटं यांच्या फिल्मवर गेली. तिथे फिल्म कशी हवी, तर नसल्यासारखी. पलीकडचा माणूस मधे काहीच नसल्यासारखा लख्ख दिसला पाहिजे. जरा धुरकट आली, की तिला कंपनीच्या भाषेत ‘हेझ’ म्हणायचं आणि बाजूला काढायचं. हेझ पकडण्यात माझा एवढा दरारा होता, की मी मशीनकडे चालत निघाले की ऑपरेटर लोक उगाच ऑइलचा डबा शोधायला लागायचे. अशा बाईपुढे ताकाच्या निवळीसारखी फिल्म आली तर ती दुसरं काय करणार?

पण खरं सांगायचं तर, ही नवी फिल्म दुधाळच असणार आहे, हे साहेबांनी मीटिंग घेऊन सगळ्यांना सांगितलं होतं. त्या मीटिंगला मी हजर होते. मागच्या रांगेत बसून आमच्या हौसाला मोबाईलवर सुनेच्या डोहाळजेवणाचे फोटो दाखवत होते. हौसा म्हणजे माझ्या हाताखालची, चाकणजवळच्याच गावातली बाई. ती म्हणालीसुद्धा, “ताई, सायेब काय तरी दुधाचं सांगत्यात.” मी म्हटलं, “सांगू दे गं, दुधाच्या पिशव्यांचं आपल्याला काय नवीन आहे!”

साहेब ग्राइंडरपाशी आले तेव्हा त्यांचा रोल चुरा होऊन पोत्यात पडला होता. त्यांनी मूठभर चुरा हातात घेतला, बोटांनी चोळला आणि विचारलं, “कुणी केलं हे?”

“मी,” मी म्हणाले. शाबासकी कुठल्या बाजूने येते, तेवढंच बघायचं बाकी होतं.

“बाई, ते दुधाळच पाहिजे होतं.” मग जरा थांबून म्हणाले, “जेवण झालं का तुमचं?”

“नाही अजून.”

“मग जेवून घ्या आधी. असलं काही रिकाम्या पोटी ऐकू नये माणसानं.”

आणि खरोखरच, माझा डबा संपेपर्यंत ते थांबले. त्या दिवशीच्या भेंडीची चव मला आजही सांगता येणार नाही.

साहेब लातूरचे. बरीच वर्षं वापीला चांगल्या नोकरीत होते, ती सोडून ते ह्या एका फिल्मपायी आमच्याकडे आले होते आणि बायकोला घेऊन मोशीला दोन खोल्यांत राहात होते. खरं आडनाव वेगळं, पण आम्ही बायकांनी त्यांना काळोखेसाहेब करून टाकलं होतं, कारण हा माणूस जिथे जाईल तिथे आधी दिवे घालवायचा. स्टोअरच्या मागची एक खोली त्यांनी मागून घेतली, तिला आतून काळा रंग दिला, खिडकीला काळं कापड ठोकलं, आणि दिवसभर त्या गुहेत बसायचे. कँटीनमध्येसुद्धा डोक्यावरची ट्यूब बंद करून जेवायचे. एक नवीन लागलेली मुलगी तर त्यांच्या चहाच्या कपावर ‘श्री. काळोखे’ अशी पट्टी चिकटवून मोकळी झाली. साहेबांनी ती काढली नाही. म्हणाले, “राहू द्या की ओ. नाव वाईट न्हाई.”

अंधारात बसून हा माणूस करत काय होता, तर दिवे उजळत होता. तो दिवा साधा नव्हता. ओएलईडीचा. बल्ब नाही, नळी नाही. पाटीसारखा सपाट, जाडीला पुठ्ठ्याएवढा, आणि लावला की अख्खी पाटीच मंद उजळते. डोळ्याला टोचत नाही. तसला दिवा साहेब स्टीलच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांमध्ये गुंडाळून ठेवायचे, कारण ओलावा लागला की त्यात काळे डाग पडतात. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. हौसा म्हणायची, “तानं लेकरू बरं, त्येला निदान शेजारीण तरी घेती.”

तर त्या दिव्याची गोम अशी, की त्यात जेवढा उजेड तयार होतो, त्यातला बराचसा बाहेरच येत नाही. काचेच्या आतून तिरपा निघालेला उजेड काचेच्या पृष्ठभागावर आपटतो आणि परत आत फिरतो. इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि शेवटी आतल्या आत विरून जातो. साहेबांची फिल्म त्या काचेवर बाहेरून चिकटवायची. फिल्मवर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक मण्यांचा थर. त्या मण्यांमुळेच ती दुधाळ दिसते. आत घिरट्या घालणारा उजेड त्या मण्यांना धडकला की त्याची दिशा बदलते आणि तो बाहेर पडतो. म्हणजे वीज तेवढीच, दिवा तोच, पण उजेड जास्त. धुरकट कागद लावल्यावर दिवा वाढतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. साहेब म्हणाले, “बाई, लग्नाच्या हॉलमधून गर्दी बाहेर पडायलीय, आणि दार एकच. सगळे दारावर आपटून परत आत. मी काय केलो? भिंतीला जागोजागी दारं पाडली. झालं.”

“मग आधीच काचेला का नाही पाडत?”

“काच ऐकत न्हाई. प्लास्टिक ऐकतं.”

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. प्लास्टिक ऐकतं. आणि ते स्वतः प्लास्टिकचं ऐकायचे, तेही कानाने. कुठलीही फिल्म दिली, की आधी अंगठा आणि तर्जनीत धरून चुरचुर वाजवायची, कानाशी न्यायची, मग बोलायचं. चहाबरोबर कुणी बिस्किटाचा पुडा फोडला, तर बिस्किटं आम्ही खायचो आणि कागद साहेब ऐकायचे. “हा आपला न्हाई. कोरडा वाजायलाय.” माझ्या पुतण्याच्या लग्नाला रहाटणीला आले, तर आहेरात आलेल्या खोक्यांवरचे चकचकीत कागद एकेक करून चाचपत बसले. नवऱ्या मुलाची मावशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “कोण गं ते? आत काय आहे ते बाहेरूनच ओळखतायत वाटतं.” मी म्हटलं, “आतल्याशी त्यांना काही घेणं नाही. त्यांचा जीव वरच्या कागदात.”

लातूरला तरुणपणी ते ट्यूबलाइटची प्लास्टिकची कव्हरं करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते. ती कव्हरं वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडायची आणि लोक तक्रार करायचे, की कव्हर उजेड खातंय. साहेब सांगायचे, “उजेड खाणारं प्लास्टिक सगळ्यांनीच केलं. मला वाटायलं, उजेड बाहेर काढणारं एखादं का असू नये? तेवढं एक करावं आणि मरावं.” हौसा लगेच बोलायची, “सायेब, करा. पन मराया काय घाई हाय?”

माझ्या पराक्रमानंतर मात्र घाई झाली होती. त्या बारीक मण्यांची भुकटी परदेशातून यायची आणि ड्रममध्ये आता कशीबशी एका छोट्या रोलपुरती उरली होती. शेठ, म्हणजे आमचे मालक, आधीच कंटाळलेले. त्यांनी स्वच्छ सांगितलं: दिवाळीच्या आधी बंगळूरची दिवे बनवणारी मंडळी बघायला येणार, त्यांना पसंत पडली तर ठीक, नाहीतर हे मशीन शाम्पूच्या पुड्यांना लागेल. “आणि साहेब, मग तुमचं तुम्ही बघा.” म्हणजे वापीची नोकरी गेलेली, इकडची जाणार, आणि करायचं राहिलेलं ते एकमेव प्लास्टिक शाम्पूत वाहून जाणार. सगळं एका रोलवर आलं होतं. आणि हा रोल दुसरा का होता, हे आख्ख्या कारखान्याला माहीत होतं.

शेठनी मला पॅकिंगला टाकायचं ठरवलं. मी मनातून तयारच होते. निदान तिथे खोकी तरी दुधाळ नसतात. पण साहेब शेठच्या केबिनमध्ये गेले आणि दार उघडं ठेवूनच बोलले. “दुसरं कुणी दिलाव तर मला पहिल्यापासून सगळं शिकवत बसावं लागंल. ह्या बाईला आता जन्मात विसर पडणार न्हाई. रोल बघायला मला ह्याच पाहिजेत.”

मी भारावून गेले. घरी येऊन यांना सांगितलं, की साहेबांना माझी पारख कळली. हे आकुर्डीच्या दुचाकीच्या कारखान्यात फोरमन होते, माणसं ओळखून होते. म्हणाले, “किंवा त्यांना दुसरं कुणी मिळालं नसेल.” मी त्या दिवशी यांना आमटी दुसऱ्यांदा वाढली नाही.

मग माझी शाळा सुरू झाली. काळ्या खोलीत शिरायचं, दार लावायचं आणि आधी नुसतं बसायचं. “डोळ्याला काळोखाची सवय होऊ द्या,” साहेब म्हणायचे. मी, हौसा आणि साहेब, तिघं स्टुलांवर, कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. नोकरीतला सगळ्यात मजेचा वेळ तो. अंधारात साहेब साहेब राहात नाही आणि हाताखालची बाई हाताखाली राहात नाही. हौसा तिच्या शेताच्या गोष्टी सांगायची. आमच्या कंपनीच्या मागचा प्लॉट तिच्या चुलत सासऱ्याचा होता. “हितं आमी जुंधळा पेरायचो. आता दिवं पिकत्यात.” साहेब विचारायचे, जुंधळा कसा यायचा, कणीस केवढं, भाकरी कशी. ते ऐकता ऐकता आमची माध्यान्हाची भूक खवळायची आणि डोळे अंधाराला सरावायचे.

मग साहेब पाटीचा दिवा लावायचे. मंद, गुळगुळीत उजेड. त्यावर, मधे हवा राहू नये म्हणून, तेलाचा थेंब टाकून पहिल्या रोलमधून आधीच कापून ठेवलेला फिल्मचा तुकडा ठेवायचे, आणि ठेवला तेवढाच चौकोन एकदम उजळ व्हायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हात मागे घेतला. ज्याला मी आयुष्यभर दोष म्हणत आले, तो माझ्या डोळ्यांदेखत दिवा मोठा करत होता. मी पटकन म्हणाले, “अय्या!” त्या वयात अय्या म्हणायला मला लाज वाटली नाही, एवढं सांगते.

नुसत्या डोळ्यावर भागत नाही, म्हणून आकडा काढायला आत पांढराशुभ्र रंग दिलेला एक पोकळ गोळा होता. त्याच्या तोंडाशी दिवा बसवायचा, सगळा उजेड आत गोळा होतो आणि उघड्या दिव्याच्या किती पट झाला, तो आकडा मीटरवर येतो. आम्ही त्याला भोपळा म्हणायचो. साहेबांची पद्धत अशी, की आकडा स्वतः बघायचा नाही. हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, “वाचा बाई, मोठ्यानं.” मी शाळेतल्या मुलीसारखी खणखणीत वाचायची. मला वाटायचं, ही साहेबांची ऐट आहे. काही लोकांना पेपरही दुसऱ्याने वाचून दाखवलेला आवडतो.

मग दुसरा रोल काढायचा दिवस आला. साहेबांनी ह्या वेळी मण्यांचा थर जरा जाड ठेवला होता. फिल्म यायला लागली. दुधाळ, गुळगुळीत, एकसारखी. आणि माझा हात, अहो खरंच, माझा हात आपोआप लाल लेबलाच्या गठ्ठ्याकडे गेला. हौसाने तो गठ्ठा उचलला आणि त्यावर बसली. “घ्या आता,” म्हणाली. रोल उतरेपर्यंत ती उठली नाही. मी टेबलावर फिल्मचा हात-हात तपासला, कुठे रेघ आहे का, कुठे मण्यांचा गोळा झालाय का. साहेब माझ्या शेजारी उभे राहून सारखं विचारत होते, “आता काय दिसायलंय? आता?” एरवी मला असं कुणी मागे लागलेलं खपत नाही, पण त्या दिवशी मी ओळीने सांगत गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, वीज बंद. त्यामुळे नवीन तुकडा भोपळ्यात घालून बघायला मिळालाच नाही, आणि शुक्रवारी सकाळी पाहुणे दारात.

पाहुण्यांच्या मुख्य एक मॅडम होत्या. आखूड केस, हातात मोबाईल, बोलणं हिंदी-इंग्रजीत. मी त्या दिवशी रेशमी साडी नेसले होते. फिल्मच्या कारखान्यात रेशीम नेसून येणं म्हणजे धुळीला आमंत्रण, हे मीच नवीन मुलींना दरडावून सांगायची. साहेब मला बघून, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं, म्हणाले, “बाई, आज साडी लई वाजायलीय.” मी निमूट वरून पांढरा कोट गळ्यापर्यंत बंद केला.

काळ्या खोलीत सगळे बसले. साहेबांनी मॅडमना मोबाईल बंद करायला सांगितलं. शेठ अंधारात खाकरले, पण मॅडमनी केला बंद. जरा वेळाने साहेबांनी दिवा लावला, अर्ध्या भागावर फिल्म ठेवली. अर्धा दिवा तसाच, अर्धा नुकतं तोंड धुऊन आल्यासारखा. मॅडम पुढे वाकल्या, बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. “नंबर?” त्यांनी विचारलं.

मी उघडा दिवा भोपळ्याला लावला, मग फिल्म चिकटवून लावला. मीटरवर तांबडे आकडे आले. सवयीने मी तोंड उघडलं, पण आज पाहुण्यांपुढे ‘वाचा बाई’ कसं म्हणणार? साहेब स्वतःच पुढे झाले, मीटरकडे तोंड केलं आणि गंभीरपणे म्हणाले, “सव्वापट.”

मी मीटर बघितलं. पुन्हा बघितलं. सव्वापट हा मागच्या खेपेच्या जुन्या तुकड्याचा आकडा होता. समोर बोटाएवढ्या मोठ्या तांबड्या अक्षरात दुसराच होता.

“अहो साहेब, काय सांगताय!” मी ओरडलेच. “दीडपट आहे! दीडपट!”

मग मॅडम उठून आल्या, आकडा बघितला आणि हसल्या. “सर बहुत मॉडेस्ट हैं,” म्हणाल्या. शेठनीही लगेच, हो हो, आमचे साहेब असेच, कधी वाढवून सांगायचे नाहीत, अशी री ओढली. सगळे हसत होते. मी तेवढी हसत नव्हते, कारण मी साहेबांच्या अगदी शेजारी होते. मीटर उजवीकडे होतं. साहेब बघत होते डावीकडे, भिंतीवर लटकवलेल्या माझ्या पर्सकडे.

पाहुणे गेले. जाताना मॅडमनी पहिल्या ऑर्डरचं बोलून ठेवलं. शेठ पेढे आणायला माणूस पाठवत होते, आणि मी साहेबांना काळ्या खोलीत नेऊन दार लावलं. हौसा आपोआप मागून आलीच.

“कधीपासून दिसत नाही?” मी विचारलं.

साहेब स्टुलावर बसले. “मोतीबिंदू हाय. दोन्ही डोळ्यांत. मागल्या वर्षापासून वाढायलाय.”

मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. कागद कानाशी नेणं. आहेराची खोकी चाचपणं. ‘वाचा बाई, मोठ्यानं.’ आणि तो पहिला रोल. माझं लाल लेबल लावलेली ट्रॉली ग्राइंडरकडे जाताना साहेबांच्या पुढ्यातून गेली होती. ते बाजूला सरकून “जाऊ द्या, जाऊ द्या” असंही म्हणाले होते. लेबल त्यांना दिसलंच नव्हतं. आणि माझी पारख! घरी हे बोलले होते तेच खरं. साहेबांना पारख नको होती, त्यांना डोळे हवे होते. तेही उसने.

“आन् तुमी आमाला फिल्म बघाया शिकवत व्हता व्हय!” हौसा कपाळाला हात लावून म्हणाली.

“गंमत बघा की,” साहेब म्हणाले, “जन्मभर दुधाळ फिल्म करायची म्हणलो, ती डोळ्यातच झाली. फक्त हिच्यानं उजेड वाढत न्हाई.”

“ऑपरेशन का नाही केलंत?”

“डॉक्टर म्हणतात, धूळ न्हाई, वाकायचं न्हाई, एकामागून एक डोळा, दीड-दोन महिने घरी. तेवढ्यात शेठजी शाम्पू सुरू करतील.”

“घरी माहीत आहे?”

“न्हाई. घरी सांगितलं की उद्याच झोपवतील टेबलावर.”

आयुष्यात कुठल्याही अधिकाऱ्याला मी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी सगळी कसर काढली. तुमची फिल्म मोठी की डोळे, बायकोला काय उत्तर द्याल, इथून गाडीने मोशीला जाता ते कुणाच्या भरवशावर, असं सगळं. साहेब मान खाली घालून ऐकत होते, अधूनमधून “बरोबर हाय, बरोबर हाय” म्हणत. मग मी त्यांच्याच हातातला मोबाईल काढून घेतला आणि वहिनींना लावला. वहिनी पलीकडून शांतपणे म्हणाल्या, “तरीच! परवा जिन्यात शेजारणीला म्हणाले, चहा टाक गं जरा. ती बिचारी टाकूनही आली.”

ऑपरेशन झालं. शेठ चांगले वागले, पगारी रजा दिली. पण पहिली ऑर्डर त्याच दिवसांत आली, भुकटीचे नवे ड्रम आले, आणि प्रत्येक रोल पास की नापास, हे ठरवायला उरले मी. काय सांगू तुम्हाला ते दिवस! दुधाच्या पिशवीत चुकलं असतं तर पिशवी गेली असती. इथे चुकलं असतं तर एका माणसाचं सगळं आयुष्य परत शाम्पूच्या दारात उभं राहणार होतं. मी घरी झोपेत ‘रेघ आहे, रेघ आहे’ म्हणायची. हे म्हणायचे, “असू दे, चादरीची घडी असेल, जाईल.” हौसाला मी काळ्या खोलीत तासतास बसवायची. ती वैतागून म्हणायची, “ताई, आता आंधारात मला जुंधळाबी दिसाया लागलाय.” सगळे रोल गेले. प्रत्येकाचा एकेक तुकडा कापून मी जपून ठेवला, साहेब येऊन बघतील म्हणून, आणि साहेब येऊन बघतील ह्याच भीतीने.

ती लाइन अजून आहे. फार मोठी झाली नाही, खोटं कशाला बोला. आठवड्यातले दोन दिवस दुधाळ फिल्म, बाकीचे दिवस शेठच्या शाम्पूच्या पुड्या. हौसा आता माझ्या जागेवर आहे आणि नवीन मुली तिला घाबरतात, असं कळतं. साहेब लातूरला मुलीजवळ राहायला गेले. कधी रहाटणीच्या चौकात एखाद्या नव्या मोटारीचा मागचा दिवा तसा सपाट, शांत तांबडा दिसला, की मी थोरल्या नातीचा हात धरून थांबते. ती हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करते, तिला कायम उशीर झालेला असतो. “आजी, सिग्नल सुटला, चल ना,” म्हणते. मी म्हणते, “थांब गं, आत काय आहे ते बघतेय.” ती म्हणते, “बाहेरून काय दिसणार?” म्हणते बिचारी.

साहेब परत आले तो दिवस मला लख्ख आठवतो. काळा चष्मा, नवा शर्ट, बरोबर वहिनी. आले ते सरळ काळ्या खोलीत गेले. “तुकडे आणा,” म्हणाले. मी सगळे तुकडे दिले. “तुम्ही बाहेर थांबा.” दार लागलं. आम्ही तिघी पॅसेजमध्ये बाकावर. हौसा पदराचं टोक चावत होती. वहिनी म्हणाल्या, “घाबरू नका हो,” आणि स्वतःच पर्सची चेन उघडझाप करायला लागल्या. आतून भोपळ्याचं झाकण उघडल्याचा, मिटल्याचा आवाज. बराच वेळ. मला वाटलं, एखाद्या तुकड्यावर अडलेत. कुठला असेल? तो पाचवा? त्यात मला जरा शंका होतीच, तरी मी पास केला होता. देवा, तो पाचवाच असणार.

दार उघडलं. साहेब बाहेर आले, तुकड्यांचा गठ्ठा छातीशी धरलेला. पॅसेजमध्ये दुपारचं ऊन पडलं होतं. त्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला, हौसाकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि मला नीट, केसांपासून चपलांपर्यंत बघितलं. मी उठून उभी राहिले.

“माल एक नंबर हाय, बाई. सगळाच्या सगळा,” साहेब म्हणाले. “पण तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या कधी झालाव?”